आतड्याचं शेवटचं टोक

तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. चेहऱ्याला साबण, डोळे बंद आणि एक हात बेसिनच्या कडेला घट्ट. त्याआधी काही महिने तळपायांना मुंग्या येत होत्या, जीभ गुळगुळीत होऊन चुरचुरत होती. थकवा होताच, तो मी वयावर ढकलला.

रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघालं. मी अंडी, दूध वाढवलं, मल्टिव्हिटॅमिनची गोळी रोज न चुकता घेतली. तीन महिन्यांनी आकडा जवळपास तिथेच. नव्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले आणि एका ओळीवर बोट ठेवलं: लहान आतड्याचा शेवटचा ७० सेंटीमीटर भाग काढला. आतडं अरुंद होऊन अडलं होतं, चार वर्षांपूर्वी. पुढे काय होऊ शकतं ते तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं. याचा राग मला आजही येतो.

डॉक्टरांनी त्याच कागदामागे चित्र काढलं. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन हे पाचक विकर ते सोडवतात. सुटल्याबरोबर लाळेतलं एक प्रथिन त्याला धरतं. पुढे स्वादुपिंडातली विकरं तीही पकड सोडवतात, आणि मग जठरातच तयार झालेलं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन त्याला येऊन चिकटतं. ही जोडी जवळजवळ अख्खं लहान आतडं ओलांडून शेवटच्या टोकाला जाते, कारण तिला ओळखून आत घेणाऱ्या पेशी तिथेच असतात. माझं ते टोकच गेलेलं. साखर, प्रथिनं, लोह बहुतांशी वरच्या भागातच शोषलं जातं, म्हणून वजन टिकून होतं आणि शंका आली नाही. बी-१२ची रोजची गरज जेमतेम २ ते २.५ मायक्रोग्रॅम, आणि यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा. चार वर्षं मी त्या साठ्यावर काढली.

शस्त्रक्रियेपासून मागे लागलेल्या जुलाबांचंही कारण तेच. पित्ताम्लं, म्हणजे चरबी पचवायला मदत करणारी पित्तातली आम्लं, एरवी ९५ टक्क्यांच्या आसपास आतड्यातून परत शोषली जातात, तीही मुख्यतः याच टोकातून. माझी मोठ्या आतड्यात उतरत होती. ती बांधून ठेवणारी पावडर सुरू केली आणि जुलाब आटोक्यात आले.

बी-१२चं इंजेक्शन १००० मायक्रोग्रॅमचं, दंडात. औषध गडद लाल. सुरुवातीला एक दिवसाआड, आता ठरावीक अंतराने, जन्मभर. जीभ लवकर बरी झाली, हिमोग्लोबिन दोन महिन्यांत वर आलं. नसा मात्र फार सावकाश सुधारतात. बी-१२ कमी असताना नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने (हेही एक बी जीवनसत्त्वच) रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची झीज आत चालूच राहते, हे मला या निमित्ताने कळलं. आतड्याचा भाग काढला असेल तर कोणता आणि किती, हे डॉक्टरांना जरूर विचारा आणि तो कागद जपा.

आता तोंड धुताना दोन्ही हात चेहऱ्याला लागतात. डाव्या पायाच्या करंगळीत मुंग्या अजून आहेत.