गोव्याचा कोविड आकडा वाचताना

राज्यांची यादी दर लाख लोकसंख्येमागच्या कोविड मृत्यूंप्रमाणे लावली की गोवा अगदी वरच्या ओळीत येतो. अधिकृत मृत्यू चार हजारांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेची १४.५८ लाख लोकसंख्या धरली तर लाखामागे २७४, अंदाजित साडेपंधरा लाख धरली तर २५८. म्हणजे भाजक बदलला की मृत्यू तेवढेच राहूनही दर सोळाने हलतो. देशाचा आकडा याच पद्धतीने ३८ च्या घरात येतो. मग गोव्यात सातपट माणसं दगावली का?

नाही. २०२० साली देशभरात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू होते २२.५ टक्के. गोव्यात शंभर टक्के. जिथे कारणच लिहिलं जात नाही, तिथे कोविडचा मृत्यू कोविडचा म्हणून मोजला जाणार कसा? शिवाय गोव्यात साठीपुढच्यांचं प्रमाण देशापेक्षा जास्त आहे (२०११ मध्ये ११.२ टक्के, देशात ८.६), आणि हा आजार वयाप्रमाणे मारतो. दुसऱ्या लाटेत इथे हाहाकार झाला हे खरंच, पण या यादीवरून गोव्याची बिहारशी तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या मापांनी मोजणं.

आता आरोग्य संचालनालय साथीच्या काळात रोज काढत असलेल्या पत्रकाकडे. त्यातला मृत्यूचा आकडा त्या दिवशी नोंद झालेल्या मृत्यूंचा असे, सगळे त्याच दिवशी झालेले असतीलच असं नव्हतं. ११ मे २०२१ च्या पत्रकात ७५ मृत्यू होते. तो काळच तसा होता, म्हणून हा आकडा लाटेशी जुळतो. पण जून २०२१ मध्ये खासगी रुग्णालयांनी वेळेवर न कळवलेले ऑगस्ट २०२० पासूनचे साठाहून अधिक मृत्यू एकदम धरले गेले. असा ढीग आलेखात त्या एका दिवसावर टाकला तर लाट ओसरत असताना खोटं शिखर उभं राहतं. बिहारने त्याच महिन्यात ३,९५१ मृत्यू एका फटक्यात वाढवले होते. पत्रकाखालची टीप वाचायची, जुने मृत्यू वेगळ्या रकान्यात ठेवायचे आणि तारखा मिळाल्या तर त्या त्या दिवसांवर परत वाटायचे. तारखा नसतील तर ते एकूण बेरजेत धरा, रोजच्या आलेखात नको.

पॉझिटिव्हिटी दरात, म्हणजे शंभर चाचण्यांमागे किती बाधित निघाले त्यात, सगळ्यात जास्त घोळ होतो. बाधितांना भागायचं ते हाती आलेल्या अहवालांनी, गोळा केलेल्या नमुन्यांनी नव्हे. नमुने आज घेतले आणि अहवाल दोन दिवसांनी आले, तर आजचे बाधित भागिले आजचे नमुने हा आकडा निरर्थक. प्रयोगशाळेत नमुने तुंबले की तो खोटा खाली येतो, तुंबलेलं काम उरकलं की खोटा वर जातो. दुसरी गोष्ट चाचणीच्या प्रकाराची. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पडताळणीत रॅपिड अँटिजेनची संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या बाधितांपैकी चाचणीत सापडणाऱ्यांचं प्रमाण, ५०.६ ते ८४ टक्के निघाली होती. म्हणजे निगेटिव्ह अहवालावर विसंबता येत नाही. म्हणूनच लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आलेल्याची आरटीपीसीआर करायची असा नियम होता. पण यात एकाच माणसाच्या दोन चाचण्या मोजल्या जातात आणि भाजक फुगतो. दोन्ही प्रकारांचे दर वेगळे काढता आले तर उत्तम, नाहीतर निदान दोहोंचं प्रमाण बदललंय का ते पाहा.

पॉझिटिव्हिटी दर दोन आठवडे ५ टक्क्यांच्या खाली राहिला तर साथ आटोक्यात, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली होती. मे २०२१ च्या सुरुवातीला गोव्यात हा दर पन्नाशी ओलांडून गेला. अशा वेळी रोजच्या बाधितांचा आकडा साथ किती पसरली ते सांगत नाही, प्रयोगशाळा दिवसाला किती नमुने उरकते ते सांगतो. त्या दिवसांत बाधित 'स्थिर झाले' म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकण्यात अर्थ नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये नियमच बदलले: लक्षणं नसलेल्या, कमी जोखमीच्या संपर्कातल्या लोकांची चाचणी नको, असं आयसीएमआरने सांगितलं. घरी करायच्या किटचे बरेच निकाल तर कुठेच नोंदले गेले नाहीत. त्यामुळे २०२१ आणि २०२२ चे बाधित एका रेषेत जोडू नका.

गोवा लहान आहे, हेही विसरायचं नाही. रोजची सरासरी ४ मृत्यू असेल तर निव्वळ योगायोगाने एखाद्या दिवशी १ आणि दुसऱ्या दिवशी ७ येऊ शकतात. 'मृत्यू दुप्पट' असा मथळा अशाच दिवशी छापला जातो. सात दिवसांची सरासरी घेतली की रविवारच्या कमी चाचण्यांचा खड्डाही भरून निघतो. आरोग्य केंद्रांच्या यादीत मडगाव किंवा फोंडा वर दिसले तरी आधी त्या केंद्राखालची लोकसंख्या पाहा.

बाधितांमागचा मृत्युदर काढताना आजचे मृत्यू भागिले आजचे बाधित करू नये. समजा, लाट चढताना आज २,००० बाधित आणि २० मृत्यू. दर १ टक्का दिसतो. पण ते वीस जण साधारण दोन आठवड्यांपूर्वीच्या बाधितांपैकी. तेव्हा रोज ८०० सापडत असतील तर खरा दर २.५ टक्के. उतरत्या लाटेत याच्या उलट होतं आणि मृत्युदर वाढल्याची ओरड होते. 'बरे झाले' हा रकानाही प्रशासकीय: मे २०२० पासून सौम्य रुग्णाला दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला की चाचणीशिवाय बरा धरत. त्यामुळे सक्रिय रुग्ण हा वजाबाकीतून उरणारा आकडा आहे.

मृत्यू कुणाचा धरायचा हेही ठरावीक आहे. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र रुग्णालयात फॉर्म ४ वर, घरी फॉर्म ४ अ वर. चाचणीत विषाणू सापडला असेल तर आजाराचा संकेतांक यू०७.१, सापडला नसून लक्षणांवरून निदान असेल तर यू०७.२. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार प्रमाणपत्राच्या भाग दोनमध्ये, हातभार लावणारा आजार म्हणून, जातो. तो मूळ कारण म्हणून भाग एकमध्ये लिहिला गेला की कोविड गणतीतून निसटतो. सप्टेंबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी पॉझिटिव्ह चाचणीपासून ३० दिवसांच्या आतला मृत्यू, रुग्णालयाबाहेरचा असला तरी, कोविडचा धरला. भरपाईचे ५०,००० रुपये त्यावरच मिळाले.

या सगळ्याला ओलांडून जाणारी पद्धत म्हणजे अतिरिक्त मृत्यू. सर्व कारणांचे मासिक मृत्यू घ्यायचे, २०१५ ते २०१९ ची त्याच महिन्याची सरासरी वजा करायची. गोव्यात मृत्यूनोंदणी चांगली असल्याने हे जमण्यासारखं आहे; तक्ते नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालयाच्या वार्षिक अहवालांत शोधावेत. मात्र नोंदणीच्या महिन्याचा नव्हे, मृत्यूच्या महिन्याचा तक्ता हवा, कारण नोंदणीला २१ दिवसांची मुदत असते आणि टाळेबंदीत कार्यालयं बंद होती. तालुकावार आकडे वापरू नयेत. मृत्यू जिथे होतो तिथे नोंदला जातो. गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) तिसवाडी तालुक्यात बांबोळीला असल्याने सत्तरी तालुक्यातला, काणकोणचा आणि दोडामार्ग-सावंतवाडीहून आलेला रुग्णही तिसवाडीच्या खात्यात जमा होतो. एप्रिल-मे २०२० मध्ये रस्त्यावर वाहनंच नव्हती, तेव्हा अपघाती मृत्यू घटून फरक उणे आला तर दचकू नका, तो महिना तसाच ठेवून पुढचे मोजा.