स्कॅनर आणि नोटपॅडमधली एक ओळ

स्कॅनर ठणठणीत होता. विंडोज ७ वर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला. नव्या लॅपटॉपला, म्हणजे विंडोज ११ ला, जोडला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, पिवळा त्रिकोण आणि 'कोड २८' : ड्रायव्हरच (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअरच) नाही. टाकून दे आणि नवा घे, असं घरच्यांचं मत पडलं. पण याच्या झाकणात निगेटिव्ह स्कॅन करायचा दिवा आहे, आणि माझे निगेटिव्हचे दोन डबे व्हायचे होते.

जुन्या सीडीवरच्या इन्स्टॉलरने 'ही ऑपरेटिंग सिस्टीम चालणार नाही' म्हणत दारातूनच परत पाठवलं. कंपॅटिबिलिटी मोडमध्ये विंडोज ७ निवडल्यावर मात्र तो फसला. शेवटपर्यंत गेला, 'यशस्वी' असंही म्हणाला, आणि त्रिकोण होता तिथेच. हा मोड इन्स्टॉलरला थाप मारतो, ड्रायव्हरला त्याचं सोयरसुतक नसतं, हे कळायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

मग सेव्हन-झिप या फाइली उलगडणाऱ्या प्रोग्रॅमने इन्स्टॉलर सोलला. आत आयएनएफ फाइल होती. ती नोटपॅडमध्ये उघडते. कोणत्या उपकरणाला कोणता ड्रायव्हर लावायचा याची ती यादीच असते. आपल्या उपकरणाची ओळख डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज इथे दिसते : व्हीआयडी हा बनवणाऱ्याचा क्रमांक, पीआयडी मॉडेलचा. माझा पीआयडी यादीत होता, पण ३२ बिटच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या विंडोजच्या, विभागात. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. ६४ बिटच्या विभागात (नावात 'एनटीएएमडी६४' असतं, प्रोसेसर इंटेलचा असला तरी हेच) या स्कॅनरचं थोरलं भावंड तेवढं नोंदवलेलं. गंमत अशी की ३२ बिटमध्ये दोघंही एकाच इन्स्टॉल विभागाकडे बोट दाखवत होती. म्हणजे आतलं यंत्र बहुधा एकच! भावंडाची ओळ खाली चिकटवली, पीआयडी बदलला, सेव्ह केलं.

विंडोज लगेच अडली : फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) कॅटलॉगमध्ये नाही. बरोबरच आहे. सोबतच्या कॅट फाइलमध्ये, म्हणजे त्या कॅटलॉगमध्ये, मूळ फाइलच्या ठशाची सही असते. एक अक्षर बदललं तरी ती जुळत नाही. उपाय म्हणजे शिफ्ट दाबून रिस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि शेवटी ७ चं बटण. सहीची सक्ती तेवढ्या वेळापुरती उठते.

माझ्या बाबतीत मधेच निळा पडदा आला आणि बिटलॉकरने, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीने, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. घाम फुटला. डिस्क एन्क्रिप्टेड आहे हेच मला ठाऊक नव्हतं. की मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होती म्हणून वाचलो. फोनवर उघडून एकेक आकडा टाकला, दोनदा चुकलो. हा उद्योग करणार असाल तर की आधी कागदावर उतरवून ठेवा.

पुढचं सोपं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर निवडताना 'हॅव डिस्क'मधून फाइल दाखवली, लाल इशाऱ्याला 'तरीही इन्स्टॉल करा' म्हटलं, त्रिकोण गेला. धास्ती होती ती पुढच्या रिस्टार्टची, कारण तेव्हा सक्ती परत लागू होते. पण स्कॅनर टिकला. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणारा भाग 'यूएसबीस्कॅन' हा विंडोजचाच, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही. सीडीवरच्या बाकी फाइली कर्नलबाहेर चालतात. ड्रायव्हरचा स्वतःचा कर्नल भाग सहीविना असता, तर 'कोड ५२' घेऊन परत शून्यावर आलो असतो.

तरी निगेटिव्हचा पर्याय कुठेच दिसेना. कागद छान येत होते, झाकणातला दिवा मात्र ढिम्म. तो पर्याय स्कॅनर बनवणाऱ्यांच्या ट्वेन खिडकीत होता (ट्वेन म्हणजे प्रोग्रॅम आणि स्कॅनर यांना जोडणारी पद्धत), ट्वेनचा भाग ३२ बिटचा, आणि माझं फोटोचं सॉफ्टवेअर ६४ बिटचं. ६४ बिटच्या प्रोग्रॅमला ३२ बिटचं ट्वेन दिसतच नाही. इरफानव्ह्यू या फोटो पाहायच्या प्रोग्रॅमची ३२ बिटची आवृत्ती टाकली आणि ती जुनी करडी खिडकी समोर आली. ट्वेनच्या फाइली त्या पहिल्या संध्याकाळच्या 'यशस्वी' इन्स्टॉलरनेच ठेवल्या होत्या. अगदीच थापाड्या नव्हता तो.

झाकणातला दिवा दोनदा लुकलुकला, मग स्थिर झाला. पहिली पट्टी मी उलटी ठेवली होती.