सोफावाले चाचा

लाकडाचं काम करणारा सुतार, कपडे शिवणारा शिंपी. सोफ्याला नवं कापड चढवणारा मात्र घरोघरी नुसता 'सोफावाला'. बारा बलुतेदारांत त्याला जागा असायचं कारणच नव्हतं. तेव्हा बैठक म्हणजे घोंगडी, जाजम, फार तर लोड-तक्के. आणि गादीचा कापूस पिंजायला पिंजारी होताच. कोच आला तो साहेबाच्या मागोमाग. त्यामुळे हा गडी थोडा सुतार, थोडा शिंपी आणि थोडा पिंजारी.

आमचे चाचा जुनं कापड टराटरा फाडत नाहीत. सोफा पालथा घालून तळाचं कापड सोडवायचं, मग चुका, म्हणजे बारीक खिळे, एकेक करून उचकटायच्या आणि निघालेल्या प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करायची. नवं कापड बेतायचं ते या जुन्या तुकड्यांवरून. टेप गळ्यात असते, पण भरवसा तुकड्यांवर. मखमल असली की आधी तळवा फिरवून लव कुठे झुकते ते बघतात. पाठीला ती वरून खाली हवी, बैठकीला मागून पुढे. एखादा तुकडा उलटा लागला, की एकाच ताग्यातलं कापड दोन रंगांचं दिसतं.

आत काय भरायचं, हा वादाचा मुद्दा. जुन्या कोचात गोणपाट, काथ्या आणि सुतळीने एकमेकींना बांधलेल्या स्प्रिंगा निघतात. हल्ली सगळा फोम. दुकानदार 'बत्तीस डेन्सिटी', 'चाळीस डेन्सिटी' असं ऐकवतो, म्हणजे घनमीटरला तितके किलो. पण जड फोम कडकच असतो असं नाही, मऊ फोमही जड असू शकतो. चाचा आकडा ऐकून घेतात, तुकडा हातात तोलतात, अंगठा रुतवतात आणि तो किती चटकन वर येतो ते बघतात. हलका फोम दुकानात छान लागतो, घरी वर्ष-दोन वर्षांत त्याचा खड्डा होतो. आपण मात्र कापडाच्या कॅटलॉगवर अख्खी संध्याकाळ घालवतो आणि फोमच्या वेळी "काहीही चालेल हो" म्हणतो. माझ्या मते उलटं करावं.

परवा शेजारच्या काकूंनी भारीतली मोरपंखी मखमल पसंत केली. चाचांनी मीटर मोजता मोजता विचारलं, "ताई, वर चादर टाकणार ना? तसं असेल तर आत्ताच सांगा, हलक्यातलं घेऊ."

काकूंनी दोन्ही घेतलं.