तुम्ही विचारलंत म्हणून: ही लाच नव्हे का?

आमच्या विशेष मुलांच्या वर्गाच्या पालकसभेत कुणी ना कुणी संकोचत विचारतेच, की बाई, लेकराला दर वेळी काहीतरी देऊनच शिकवायचे, तर ती लाच नव्हे का?

लाच कामाआधी दाखवतात. बक्षीस कृती घडल्यावर मिळते, आणि आपल्या कुठल्या कृतीने ते मिळाले हे मुलाला उमगणे हाच त्यातला धडा असतो. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या, न बोलणाऱ्या मुलाला ‘शाब्बास’ या शब्दाचे पुष्कळदा काहीच वाटत नाही, पण स्पर्श, कंप, आवाज, उजेड त्याच्यापर्यंत पोचतात. मानसशास्त्रज्ञ पॉल फुलर यांनी १९४९ साली अंथरुणाला खिळलेल्या एका १८ वर्षांच्या मुलाला गोड दुधाच्या थेंबांवर उजवा हात उचलायला शिकवले होते. त्यासाठी त्याला उपाशी ठेवले होते, हे मला खुपते. म्हणून मी शक्यतो खाऊ वापरत नाही.

बक्षीस मात्र मुलाच्या आवडीतूनच शोधावे लागते. पहिला आठवडा मी नुसती पाहत असते: सुपातले जोंधळे आणि बैलाची घुंगरमाळ दोन बाजूंना ठेवली, तर हात पुन्हा पुन्हा कुठे जातो? एका आईने महागडे दिव्यांचे खेळणे आणले होते. पोरगा रमला तो त्याच्या पिशवीच्या चुरचुरीत.

लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले त्या २०१६ च्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाची आवड नेमकी पाण्याची होती. तळव्यावर बारीक धार पडली की त्याचे डोलणे थांबे आणि मान वर येई. रिकामी वाटी माझ्या हातात दिली की धार, एवढेच मी शिकवत होते. एकदा तांब्या भरून आणायला मला उशीर झाला, तेवढ्यात त्याने डोक्यावर चापट मारून घेतली आणि मी त्याच क्षणी पाणी ओतले. असे दोन-तीनदा झाले आणि तो वाटीऐवजी चापट मारू लागला. चूक सर्वस्वी माझी होती. ती निस्तरायला पंधरा दिवस गेले. तेव्हापासून तांब्या आधी भरून ठेवते.

पुढे घरी त्याने आपणहून आजीच्या हातात वाटी दिली. पाणी किती वाया जाईल, ही आईची काळजी रास्तच होती. म्हणून दिवसाला एक तांब्या ठरला आणि हाताखाली घमेले आले. त्यातले पाणी संध्याकाळी शेळी पिई.