रीलवरचा मऊ थर

भाला मारायची बंदूक परत आली ती ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून. भाला मधोमध वाकलेला, एक रबर निसटलेलं, आणि रीलच्या तोंडाशी दोरी अशी ताठ की बोटाने हलवली तर टणटण वाजेल. मी आधी बाहेर आलेली दोरी मोजली. अठरा मीटर भरली, स्पूलवर, म्हणजे रीलमधल्या फिरत्या चकरीवर, मी पन्नास चढवली होती. म्हणजे बत्तीस मीटर दोरी आत शिल्लक असताना रील थांबलं होतं.

मी डायव्हिंगचं सामान दुरुस्त करतो. श्वास रोखून पाण्याखाली भाल्याने मासेमारी करणाऱ्यांच्या बंदुकांना रील बसवणं हा त्यातलाच एक भाग. लोकांना वाटतं त्यात काय, दोन स्क्रू आणि थोडी दोरी. स्क्रू लावायला खरंच पाच मिनिटं लागतात. बाकीचा सगळा वेळ दोरी खाते.

बंदुकीवर दोऱ्या दोन असतात. एक भाल्याची. ती नळीखालून पुढे-मागे फेरे मारून ट्रिगरजवळच्या खिटीत अडकवलेली असते आणि ट्रिगर ओढला की सुटते. मी ती मोनोची, म्हणजे एकसंध जाड नायलॉन तंतूची करतो, टोकाला क्रिंप, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून. क्रिंपच्या दोन्ही कडा मुद्दाम न दाबता ठेवायच्या, नाहीतर तीच कड पहिल्या मोठ्या झटक्याला मोनो कापते. दुसरी दोरी रीलची, डायनिमा नावाच्या दणकट कृत्रिम धाग्याची. मझलशी, म्हणजे बंदुकीच्या तोंडाशी, ती पहिल्या दोरीला जोडायची, मध्ये धक्का सोसायला बंजीचा, म्हणजे ताणणाऱ्या रबरी दोरीचा तुकडा. मासा जोरात पळाला की ही दुसरी दोरी सुटत जाते आणि माणूस बंदूक हातात धरून वर येतो. रीलचा सगळा उपयोग एवढाच: माणसाने मासा हातचा न सोडता श्वास घ्यायला वर यावं.

डायनिमा मोठी गुणी वस्तू आहे आणि तितकीच छळवादी. ताणत नाही, पाण्यावर तरंगते, बारीक असूनही दणकट. पण साबणासारखी गुळगुळीत. नुसती गुंडाळली तर अख्खा गठ्ठा स्पूलवर गरगर फिरतो, म्हणून आतलं टोक स्पूलच्या भोकातून ओवून बांधावं लागतं. साधी गाठ तिच्यात हळूहळू सरकते, आणि घट्ट बसलेल्या गाठीनेही ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून मी तिची शेवटं गाठीने बांधत नाही, दोरी तिच्याच पोटात ओवून फास करतो. व्हिडिओ बघून आलेले काहीजण घरी जाऊन तो सोडतात आणि वर स्वतःची गाठ मारतात. त्यांना काय बोलणार!

रीलवर ज्या भोकातून दोरी बाहेर पडते, त्याची कड मी आधी कापसाने तपासतो. बोळा आतून फिरवायचा, कापसाचा एक धागा जरी अडकला तरी बारीक पॉलिश पेपर. कारखान्यातून नवी आलेली रीलं या परीक्षेत किती वेळा नापास होतात ते बघून हसावं की रडावं कळत नाही.

आणि मग गुंडाळणं. दोरी बादलीत भिजवायची, ओल्या फडक्यात चिमटीत घट्ट धरायची, आणि ताण न सोडता स्पूलवर शेजारी-शेजारी फेरे बसवायचे. ताण कमी पडला की आतला थर मऊ राहतो. हाताला ते कळतही नाही, वरून सगळं सुबक दिसतं. पण समुद्रात मासा ओढायला लागला की वरचा ताठ फेरा त्या मऊ थरात सुरीसारखा घुसतो आणि दोन फेऱ्यांमध्ये दबून बसतो. मग स्पूल जरासा फिरतो, दबलेली दोरी सुटत नाही, उलट स्पूललाच मागे ओढते. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, कितीही सैल करा, काही होत नाही.

या बंदुकीचं नेमकं हेच झालं होतं.

ते गृहस्थ अनुभवी. चौदा मीटरवर भाला मारला, मासा तळाकडे कपारीत पळाला, रील छान सुटत होतं आणि मध्येच खाडकन थांबलं. "हात खांद्यातून उपटतोय की काय असं झालं," ते म्हणाले.

"बंदूक लगेच सोडलीत ना?"

"लगेच म्हणजे... दोन सेकंद धरली असेल."

शेजारी त्यांचा जोडीदार उभा होता. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, दोन नव्हती." तो वरून बघत होता, आणि हे वर यायच्या ऐवजी खाली चालले होते.

यातली भीती बाहेरच्याला चटकन कळत नाही. खोलवर पाण्याच्या दाबामुळे अंगातला उरलासुरला ऑक्सिजनही पुरेसा वाटतो. वर येताना, विशेषतः शेवटच्या दहा मीटरमध्ये, दाब निम्म्यावर येतो आणि त्याबरोबर ऑक्सिजनचा जोरही उतरतो. माणूस पृष्ठभागाच्या हाताच्या अंतरावर बेशुद्ध होतो, कधीकधी वर येऊन श्वास घेतल्यावरही. म्हणून जोडीदाराने वर आलेल्या माणसावरून निदान अर्धा मिनिट नजर काढायची नसते. या पोराने काढली नाही. त्या दिवशी सगळ्यांत चोख काम त्याचं होतं.

बंदूक नंतर सापडली. खाली दोरी कपारीत अडकलेली, वर बंदूक पाण्यात उभी तरंगत. मासा गेला होता.

आमच्या दुकानाच्या मालकांनी रील बघितलं आणि एका वाक्यात निकाल दिला: "गिऱ्हाइकाने कोरडी गुंडाळली असणार." आमच्याकडे हे वाक्य कायम तयारच असतं. आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. आधीच्या आठवड्यात एका माशाने बारा मीटर दोरी काढली होती आणि ती त्यांनी बोटीवर बसून स्वतः परत गुंडाळली होती.

पण दोरी थांबली अठराला. बारापर्यंतचे फेरे त्यांचे, त्याखालचे माझे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ते रील चिमट्याने थर-थर उकललं. दबलेला फेरा मोकळा केला आणि पुढची दोरी हाताने ओढत गेलो. वीस मीटरच्या आसपास एक पट्टा लागला, चार-पाच फेऱ्यांचा, अंगठ्याखाली कापसासारखा दबणारा. त्याच्या खाली पुन्हा दगड.

पन्नास वजा वीस, तीस. तीस मीटर चढवून झाल्यावर माझा फोन वाजला होता. मला हे आठवतं, कारण मी फडकं खांद्यावर टाकलं, स्पूल मांडीत धरला आणि बोलता बोलता हाताने फेरे घालत राहिलो. मिनिटभर. मग फोन ठेवला आणि पुन्हा नीट ताण देऊन पुढची वीस मीटर चढवली. नेमकं ते वाईट झालं. मऊ थरावर ताठ थर.

आता असंही म्हणता येईल की त्यांनी बारा मीटर सैल गुंडाळली नसती तर सुरुवातीचा झटका कमी बसला असता आणि खालचा मऊ थर उघडाच पडला नसता. मी हे स्वतःला बऱ्याचदा सांगून बघितलं आहे. अंगठ्याला तो पट्टा अजून आठवतो.

परवा ते नवा भाला घेऊन आले. दोरी पुन्हा चढवायची होती. मी बादली भरली तर म्हणाले, "या वेळी फडकं मी धरतो, तुम्ही फिरवा." पन्नास मीटर आम्ही दोघांनी न बोलता चढवली. मध्ये माझा फोन वाजला. मी थांबलो नाही, पण त्यांनी मान वर करून विचारलं, "घ्यायचा नाही का?"

"नको," मी म्हणालो. त्यापुढचं काही बोललो नाही.