गोठा आमचा, रस्ता गावाचा

आमच्या गोठ्याचे तीन पत्रे गावठाणाच्या रस्त्यावर आलेत. गोठा सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी बांधलाय आणि मी ग्रामपंचायत सदस्य आहे. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा माझं नाव आबांनीच सुचवलं. प्रचाराच्या फलकावर माझ्यापेक्षा दिरांचा फोटो मोठा होता, ते असो.

खालच्या आळीला गाडी जायला हा एकच रस्ता. उसाची ट्रॉली अडते, तिला फेरा मारून नेता येतं. पण पावसाळ्यात १०८ची गाडी मारुतीच्या देवळापाशीच अडकली आणि आळीतल्या एका म्हातारीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी तिथवर आणलं. गोठ्याच्या कोपऱ्यावर खुर्ची तिरकी करावी लागली, कारण मध्ये आमच्याच म्हशीचा खुंटा. म्हातारी घसरू नये म्हणून मी तिची पाठ धरली होती. पुढच्याच मासिक सभेत आळीचा अर्ज आला.

आबा म्हणाले, "मापं काढायची तर सगळ्या गावाची काढा." खोटं नाही ते, निम्म्या गावाचे ओटे रस्त्यात आहेत. पण याचा अर्थ एवढाच की सुरुवात दुसऱ्याच्या दारापासून करा. आत्या म्हणाल्या, "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस होय?" मनात आलं, वासे नाहीत आत्या, पत्रे. बोलले नाही.

दिरांचा मुद्दा वेगळा. "वहिनी, गप्प राहा. विरोधकांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकला तर पद जाईल." तेही खरं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ (१) (ज-३) नुसार सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. आणि घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणाचा वापर सदस्य करत असेल, तर तोही अपात्र ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलंय. त्या गोठ्यात दोन्ही वेळची धार मीच काढते, वापर नाही असं कोणत्या तोंडानं म्हणू?

घराची अब्रू म्हणतात ती मला या तीन पत्र्यांत दिसत नाही. आबांनी स्वतःहून पत्रे मागे घेतले असते, तर आळीनं त्यांना बोलावून चहा पाजला असता. माझं त्यांच्याशी वैर नाही. लग्नानंतर माझं कॉलेज त्यांनीच पुरं करून दिलं, म्हणून तर हे जड जातंय.

सभेत मी एवढंच म्हणाले, मोजणी मागवा आणि माझं नाव इतिवृत्तात लिहा. अर्ज भूमी अभिलेखला गेलाय. आबा म्हणतात, मोजणीच्या दिवशी माहेरी जा. मी जाणार नाही. नोटीस त्यांच्या नावानं येईल, आणि दुपारी घरी मीच असते.