ओल्या बॅगेनिशी महाबळेश्वर ते दहिवडी

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात महाडहून माण तालुक्यातल्या दहिवडीला आत्याकडे जायचं होतं. मुद्दाम आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलो, एक मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पाचगणी, वाई, सातारा करत माणदेशात उतरलो. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम पाचशे, हे शाळेत पाठ केलं होतं. एकदा अंगावर घ्यायचं होतं.

पोलादपूर सुटलं की चढ लागतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि तिथेच रिते होतात. वायपर जोरात चालू असूनही पुढचं वळण दिसेना. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिमी पाऊस झाला, म्हणजे दहिवडीचा अख्ख्या वर्षाचा एका दिवसात आटोपला. तेव्हा हाच घाट ठिकठिकाणी खचला होता. म्हणून घाट चालू आहे का ते पोलादपुरातच विचारा आणि अंधारात चढू नका.

महाबळेश्वरात छत्रीचा उपयोग शून्य. पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो, माझी छत्री बाजारपेठेतच उलटी झाली. अंगभर रेनकोट, कपड्यांना प्लास्टिकच्या पिशव्या आणि दोन जोड जास्तीचे, एवढं तरी न्याच. खोल्या या दिवसांत स्वस्त मिळतात, पण पैसे देण्याआधी गादीवर हात ठेवून बघा. मी बघितला नाही, रात्रभर ओलसर चादरीत कुडकुडलो. पॉइंट बघायच्या भानगडीत पडू नका, सगळीकडे एकच पांढरं धुकं. त्यापेक्षा जुन्या महाबळेश्वरात कृष्णेच्या उगमाशी निवांत बसा.

खरी गंमत पुढे. पाचगणी अवघी 20 किमी, पण पाऊस तिथे तिपटीने कमी, सतराशे-अठराशेच्या घरात. पसरणी घाट उतरून वाईत आलो तर रस्ता कोरडा! वाईचा आकडा आठशेच्या आसपास, साताऱ्याचा हजाराच्या. डोंगर ओलांडलेला वारा खाली उतरताना तापतो आणि कोरडा होतो, त्यामुळे ढग डोक्यावरून नुसते पळतात. गणपतीच्या घाटावर चहा घेताना मागे वळून पाहिलं, डोंगरमाथा काळा ठिक्कर होता.

कोरेगाव, पुसेगाव मागे पडलं तसं हिरवं विरळ होत गेलं. माणात शेतकरी जुलैच्या भरवशावर राहत नाही. तिथला जोराचा पाऊस बहुतेक सप्टेंबरात, परतीच्या ढगांतून, विजा-गडगडाटासह येतो. रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर. तेव्हा नुसती सरासरी बघून जाऊ नका, महिना बघा. माणातला पाऊस बघायचा तर सप्टेंबरात या आणि साताऱ्याहून कास पठार करून घ्या, फुलंही तेव्हाच असतात.

आत्याच्या अंगणात बॅग उपसली. दोरीवर चार शर्ट, टॉवेल, मोजे. आत्या हसायला लागली. "एवढं पाणी हिकडं वाळवायला आणलंस व्हय रं? निदान बादलीत तरी पिळायचंस!"

तासाभरात सगळं कडकडीत वाळलं.